उडणारे भिक्खू, अमर ताओ साधू: बौद्ध आणि ताओ परंपरेतल्या अलौकिक शक्तींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाली वाङ्मयावर किंवा चिनी धर्मकथांवर कुठेही चार शब्द बोललो की नंतर चहाच्या वेळी येणारे प्रश्न ठरलेले असतात. ध्यान, करुणा, शून्यता सगळं राहतं बाजूला. कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारतं, "ते हवेत उडायचे म्हणतात, त्याचं काय?" आवाज जरा खाली आलेला असतो, जणू आपण काही भलतंच विचारतोय. त्यात भलतं काही नाही. ज्या ग्रंथांत चार आर्यसत्यं आहेत त्याच ग्रंथांत उडणारे भिक्खूही आहेत. हे खरंच घडलं का, याचा निवाडा मी इथे करत नाही. मला जास्त रस आहे तो दुसऱ्या गोष्टीत: ज्यांना या शक्ती खऱ्या वाटत होत्या, त्यांनीच त्या झाकून ठेवायला का सांगितलं?

बौद्ध परंपरेत नेमक्या कोणत्या शक्ती मानतात?

सहा. त्यांना अभिज्ञा म्हणतात, पालीत अभिञ्ञा. ऋद्धी (शरीराचे चमत्कार), दिव्य श्रोत्र, दुसऱ्याचं मन जाणणं, स्वतःचे मागचे जन्म आठवणं, दिव्य चक्षू आणि आस्रवांचा, म्हणजे मनातल्या विकारांचा, क्षय. पहिल्या पाच लौकिक, म्हणजे बौद्ध नसलेल्या तपस्व्यालाही मिळू शकतात असं ग्रंथच मान्य करतात. सहावी मात्र मुक्तीची, आणि खरं मोल तिलाच.

दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तात ही यादी सविस्तर येते. पौर्णिमेच्या रात्री राजा अजातशत्रू राजगृहात जीवकाच्या आमराईत बुद्धांना भेटायला जातो. साडेबाराशे भिक्खू बसलेत आणि साधी खोकल्याचीही चाहूल नाही. बापाला मारून गादीवर बसलेला हा राजा त्या शांततेनेच घाबरतो. त्याला वाटतं, आपल्याला दगा देऊन शत्रूच्या हाती तर देत नाहीत ना? अशा माणसाला बुद्ध सांगतात की ध्यान साधलेला भिक्खू एकाचा अनेक होतो, भिंतीतून नि डोंगरातून आरपार जातो, जमिनीत पाण्यासारखी बुडी मारतो, पाण्यावरून जमिनीसारखा चालतो, मांडी घातलेल्या स्थितीत पक्ष्यासारखा उडतो, चंद्रसूर्याला हात लावतो.

मला यातले दृष्टान्त फार आवडतात. ऋद्धी कशी, तर कुंभाराने मळलेल्या मातीतून हवं ते भांडं घडवावं तशी. दुसऱ्याचं मन कसं दिसतं, तर नटण्याची आवड असलेल्या तरुणाने किंवा तरुणीने आरशात वा स्वच्छ पाण्याच्या भांड्यात तोंड बघावं तसं. मागचे जन्म कसे आठवतात, तर एका गावाहून दुसऱ्या गावी, तिथून तिसऱ्या गावी जाऊन घरी परतलेल्या माणसाला 'तिथे मी असा बसलो, असं बोललो' हे आठवावं तसे. विषय आकाशातला असला तरी उपमा सगळ्या गावातल्या.

या शक्ती मिळवायची रीत कुठे सांगितली आहे का?

सांगितली आहे, आणि ती वाचताना एखाद्या कारागिराची वही वाचतोय असं वाटतं. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरला बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्याचे बारावे आणि तेरावे प्रकरण याच विषयावर. सुरुवात मातीच्या चकतीपासून होते. अरुणोदयाच्या रंगाची माती घ्यायची, खडे-काड्या काढून मळायची, एक वीत चार बोटं रुंदीची गोल चकती करायची आणि अडीच हातांवर बसून तिच्याकडे बघायचं. डोळे मिटल्यावरही ती तितकीच स्वच्छ दिसू लागेपर्यंत. याला कसिण म्हणतात. माती, पाणी, तेज, वायू, रंग अशी कसिणं बदलत, ध्यानाच्या आठही पायऱ्यांत उलटसुलट ये-जा करत मनाला चौदा प्रकारे ताब्यात आणायचं. मग पाण्यावर चालायचं तर पृथ्वीकसिणात शिरून 'एवढं पाणी जमीन होवो' असा संकल्प. भिंतीतून जायचं तर आकाशकसिण.

पण बुद्धघोष लगेच हातात आकडा ठेवतात. नवख्याला कसिणाचं प्राथमिक कामच जड, ते शंभरात किंवा हजारात एखाद्याला जमतं. त्या जमलेल्यांतून पुढची पायरी पुन्हा शंभरात-हजारात एकाला. मग पुढची. आठ-दहा दिवसांच्या शिबिरात तिसरा डोळा उघडून देणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

हा ग्रंथ मराठी माणसाच्या ओळखीचा असायला एक कारण आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) यांनी त्याच्या संपादनात आयुष्याची बरीच वर्षं घातली. देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने काढली, आणि हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये आली.

मग बुद्धांनी चमत्कार दाखवायला बंदी का केली?

गोष्ट विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, चुल्लवग्गात आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला रक्तचंदनाचा ओंडका मिळाला. त्याने त्याचं भिक्षापात्र कोरून घेतलं, शिंक्यात घातलं, बांबूला बांबू जोडून उंच टांगलं आणि जाहीर केलं: जो कुणी अर्हत (मुक्त झालेला) असेल, ऋद्धिमान असेल, त्याने काढून न्यावं. (पालीतलं 'सिक्का' आणि आपलं शिंकं एकच. अडीच हजार वर्षांनंतरही दुधा-लोण्याचं भांडं आणि चमत्काराचं पात्र एकाच वस्तूत टांगलेलं आहे.) इतर पंथांचे आचार्य एकेक करून आले, 'मीच अर्हत, दे पात्र' म्हणाले. श्रेष्ठी म्हणाला, असाल तर घ्या की काढून.

पिंडोल भारद्वाज नावाचा भिक्खू आकाशात उठला, पात्र घेतलं आणि त्याने शहराभोवती तीन फेऱ्या मारल्या. श्रेष्ठी बायकामुलांसह हात जोडून उभा. त्याने ते पात्र उंची अन्नाने भरून दिलं. मागे माणसांची ही झुंबड. गलका ऐकून बुद्धांनी आनंदाला विचारलं, हा आवाज कसला?

पुढचे शब्द कडक आहेत. एका क्षुल्लक लाकडी भांड्यासाठी तू गृहस्थांना ऋद्धी दाखवलीस? एखाद्या बाईने क्षुल्लक नाण्यासाठी अंगावरचं वस्त्र सोडून दाखवावं, तसं हे. नियम झाला: गृहस्थांसमोर ऋद्धिप्रातिहार्य, म्हणजे ऋद्धीचा चमत्कार, दाखवणं हा दुष्कृताचा दोष. ते पात्र फोडून, कुटून, भिक्खूंच्या डोळ्यांत घालायच्या अंजनात मिसळायला दिलं. आणि लाकडी पात्र वापरणंच बंद.

बुद्ध 'हे खोटं आहे' असं कुठेच म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. आक्षेप व्यवहारावर आहे. आकाशात उडालं, खाली आलं, पात्र भरून मिळालं. ज्या संघाचं पोट रोजच्या भिक्षेवर चालतं, तिथे शक्ती दाखवली की ती विकायला काढलीच समजा.

शक्ती नसताना आहे म्हटलं तर?

संघातून कायमची हकालपट्टी. भिक्खूला बाहेर काढणारे चारच गुन्हे: मैथुन, चोरी, मनुष्यहत्या आणि हा. वैशालीकडे दुष्काळ पडला असताना काही भिक्खूंनी 'हा अमुक ध्यान साधलेला, तो षडभिज्ञ, सहाही अभिज्ञा मिळालेला' अशी एकमेकांची तारीफ गृहस्थांसमोर करून पावसाळा गुटगुटीत काढला. त्यावरून हा नियम आला. आणि खरोखर शक्ती असली तरी ती गृहस्थाला सांगणं हाही दोषच, फक्त सौम्य.

पण श्रावस्तीला बुद्धांनी स्वतः चमत्कार केला की!

केला, असं धम्मपदाच्या अट्ठकथेत (जुन्या पाली भाष्यात) आहे, आणि 'बंदी घालून तुम्हीच कसा करता?' हा प्रश्न तिथे राजा बिंबिसारच विचारतो. बुद्ध उलट विचारतात: तुझ्या बागेतले आंबे दुसऱ्याने खाल्ले तर? दंड करीन. तू खाल्लेस तर? मला कोण दंड करणार! झालं तर मग.

मला हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही. पण कथेत आंबा पुढेही येतो. बुद्ध आंब्याच्या झाडाखाली प्रातिहार्य करणार हे कळल्यावर विरोधकांनी आसपासची आंब्याची झाडं उपटून टाकली. राजाच्या गंड नावाच्या माळ्याने एक पिका आंबा दिला, त्याची कोय लावली, तिच्यावर बुद्धांनी हात धुतले आणि पन्नास हात उंचीचं झाड उभं राहिलं. नंतर त्यांच्या देहातून एकाच वेळी आग आणि पाणी निघाल्याचं ते प्रसिद्ध यमक-प्रातिहार्य (जोडीचा चमत्कार).

चमत्कार बघून लोक धर्माकडे वळतील, मग हरकत काय?

नालंदेच्या केवद्ध नावाच्या गृहस्थाने अगदी हाच मुद्दा तीनदा मांडला होता. बुद्धांचं उत्तर असं: श्रद्धाळू माणूस उडणारा भिक्खू बघून नमस्कार करील, ज्याला श्रद्धा नाही तो म्हणेल, 'हं, गांधारी विद्या येत असेल.' मन ओळखून दाखवलं तर म्हणेल, 'मणिका विद्या.' म्हणजे तेव्हाही बाजारात अशा विद्या होत्या आणि लोकांना त्यांची नावंही पाठ होती. म्हणून या दोन प्रातिहार्यांची मला लाज वाटते, शिसारी येते, असं ते म्हणतात. तिसरं प्रातिहार्य उपदेशाचं, तेवढंच खरं.

आणि मग ते एक खट्याळ गोष्ट सांगतात. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार महाभूतं निःशेष कुठे मिटतात, हे विचारायला एक भिक्खू ध्यानाच्या बळावर देवलोकात जातो. देव वरच्या देवांकडे पाठवतात, ते आणखी वरच्यांकडे; सरकारी कचेरीत फाईल फिरावी तसा तो फिरतो. शेवटी महाब्रह्मा प्रकटतो आणि गर्जतो, मी ब्रह्मा, महाब्रह्मा, कर्ता, निर्माता! भिक्खू म्हणतो, ते मी विचारलं नव्हतं. तीनदा असं झाल्यावर ब्रह्मा त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेतो आणि हळूच सांगतो: बाबा रे, या देवांसमोर 'मला माहीत नाही' कसं म्हणू? मलाही ठाऊक नाही. बुद्धांना सोडून इकडे आलास हीच चूक.

शक्ती चांगल्या माणसांनाच मिळतात का?

नाही. बुद्धांचा चुलतभाऊ आणि विरोधक देवदत्त याच्याकडेही ऋद्धी होती. अंगाला साप गुंडाळलेल्या मुलाच्या रूपात तो अजातशत्रूच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्याला वश केलं. संघाचं पुढारीपण आपल्याकडे यावं ही इच्छा मनात आली, त्याच क्षणी शक्ती गेली. तिबेटचा मिलारेपा तरुणपणी मंत्रविद्या शिकला ती भाऊबंदांचा सूड घ्यायला, लग्नघर पाडून माणसं मारायला. पुढे तो संत झाला, पण आधी गुरूने त्याच्याकडून घर बांधून घेतलं, पाडायला लावलं, पुन्हा बांधायला लावलं.

बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान ऋद्धीत अग्रगण्य होते, तरी मारेकऱ्यांच्या हातून कसे मेले?

पूर्वजन्मी आईवडिलांना मारल्याचं कर्म फळाला आलं आणि कर्मापुढे ऋद्धी चालत नाही, असं अट्ठकथा सांगते.

योगसूत्रांतल्या सिद्धी आणि या अभिज्ञा एकच का?

एकाच मुलखातल्या, त्यामुळे यादी बरीच जुळते. पतंजलीही विभूतिपादात शक्तींची रास घालून मधेच बजावतो: 'ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः'. समाधीच्या वाटेवर हे उपद्रव आहेत. वाघावर बसून आलेला चांगदेव आणि भिंत चालवणारे ज्ञानेश्वर ही आपली गोष्टही त्याच कुळातली. तिथेही सिद्धीचा डौल मिरवत आलेला माणूसच शेवटी शिष्य होतो.

ताओ परंपरेत काय वेगळं आहे?

शरीर. बौद्धाला देह सुटायला हवा असतो, ताओ साधकाला तो टिकायला हवा असतो. इतका टिकायला की तो हलका, पारदर्शक होऊन ढगांवर जावा. अशा अमराला चिनीत 'श्येन' म्हणतात. 'च्वांगत्स' या जुन्या ताओ ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कुये पर्वतावरचा दिव्य पुरुष येतो: बर्फासारखी त्वचा, पाच धान्यं खात नाही, वारा पितो, दव पितो, उडत्या ड्रॅगनांवर स्वार होतो.

याचं शास्त्र बसवलं गे हुंग या किमयागाराने (२८३–३४३). अमर तीन प्रतींचे. उत्तम तो, जो सदेह स्वर्गात जातो. मधला पर्वतांतून हिंडतो. कनिष्ठ मरतो, पण शवपेटी उघडावी तर आत नुसते कपडे. आमच्या तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वादात याला कोणती प्रत दिली असती कोण जाणे. डोंगरात जाणाऱ्यांसाठी त्याचा सल्ला: नऊ इंची किंवा मोठा आरसा पाठीला बांधा. म्हातारे प्राणी माणसाचं रूप घेऊन येतात, पण आरशातलं रूप त्यांना बदलता येत नाही.

अमर होण्याची गोळी खाऊन लोक मेले, हे खरं का?

खरं. गोळीत मुख्य असे तो हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक. लाल हिंगूळ तापवला की चकाकता पारा निघतो आणि त्याचा पुन्हा लाल पदार्थ करता येतो. मरून पुन्हा जिवंत होणारा हा पदार्थ पोटात गेला तर आपणही तसेच होऊ, हा तर्क. तांग सम्राट वूत्सोंगने ८४५ मध्ये साडेचार हजारांवर बौद्ध मठ मोडले आणि ताओ गुरूंच्या गोळ्या खाल्ल्या. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याच्यानंतरचा श्वेनत्सोंग ८५९ मध्ये तसाच. पुढे ताओ साधकांनी भट्टी बाहेर न पेटवता देहातच पेटवायची ठरवली: बेंबीखालचं केंद्र ही कढई, श्वास हा भाता. चिगोंगच्या, म्हणजे श्वास आणि हालचालींच्या चिनी व्यायामाच्या, वर्गात आज जे शिकवतात त्यातलं बरंच याच 'अंतर्गत किमये'कडून आलेलं.

या खटाटोपाचं उरलेलं मात्र मोठं आहे. सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र आणताना किमयागारांच्या हाती बंदुकीची दारू लागली. चिनी भाषेत तिचं नाव आजही 'अग्निऔषध'. आणि त्याच गे हुंगच्या तातडीच्या औषधांच्या पुस्तकात थंडीतापावर एक साधा उपाय आहे: मूठभर छिंगहाव ही वनस्पती, दोन माप पाणी, पिळून रस प्या. उकळा म्हटलेलं नाही. या ओळीवरून तू योयो यांना कमी तापमानात अर्क काढायचं सुचलं, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ चं नोबेल मिळालं. अमर कुणी झालं नाही, पण मरणारी माणसं वाचली ती याच्याच वहीतून.

धान्य का सोडायचं?

देहात तीन प्रेतं राहतात, ती धान्यावर पोसतात, आणि दर साठाव्या दिवशी रात्री माणूस झोपला की वर जाऊन त्याची पापं सांगतात, अशी समजूत. उपाय: धान्य बंद, आणि त्या रात्री जागरण.

ताओ मतात परकायाप्रवेश आहे का?

आहे, आणि तो फसलेला. चिनी दंतकथांतल्या आठ अमरांपैकी ली त्ये-ग्वाय देह ठेवून आत्म्याने फिरायला गेला. शिष्याला सांगितलं, सात दिवस सांभाळ. सहाव्या दिवशी शिष्याच्या आईच्या दुखण्याचा निरोप आला आणि त्याने देह जाळून तो घरी गेला. लीला मिळालं ते एका लंगड्या भिकाऱ्याचं प्रेत. म्हणून चित्रांत त्याच्या हाती लोखंडी कुबडी.

चीनमध्ये दोन्ही परंपरा एकमेकींत मिसळल्या का?

चांगल्याच. मध्य आशियातून आलेला भिक्खू फोतुछंग ३१० मध्ये लोयांगला पोचला. शी ले नावाच्या क्रूर सरदाराला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही हे त्याने ओळखलं; पाण्याने भरलेल्या पात्रातून निळं कमळ उगवून दाखवलं आणि मग त्याला माणसं मारण्यापासून आवरलं. पिंडोलाच्या नियमाचं काय? चिनी चरित्रकारांनी त्यावर फार डोकं शिणवलं नाही. मीही त्याला दोष देत नाही, त्याने पात्र भरून घेतलं नव्हतं.

'पश्चिमेची यात्रा' या चिनी कादंबरीतल्या सुन वुखोंग या माकडाची गोष्ट तर दोन्हींची खिचडी आहे. गुरूचं नाव बौद्ध सुभूतीचं, विद्या ताओंची: बहात्तर रूपं. एक दिवस सोबत्यांच्या आग्रहावरून त्याने अंगणात पाईनचं झाड होऊन दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि गुरूने त्याला त्याच दिवशी घालवून दिलं. दाखवलंस तर लोक मागतील, नाही दिलंस तर जीव घेतील, हे त्याचं कारण. रक्तचंदनाच्या पात्राचीच गोष्ट, दोन हजार वर्षांनी आणि हजारो मैलांवर.

एखाद्या ताओ गुरूने अमरत्वाला सरळ नकार दिला का?

दिला, आणि तोही चंगीझखानाला. सत्तरी ओलांडलेले छ्यू छू-ची १२२२ मध्ये चीनमधून हिंदुकुशपर्यंत प्रवास करून खानाच्या छावणीत पोचले. खानाने विचारलं, अमर होण्याचं कोणतं औषध आणलंत? ते म्हणाले, जीव राखायचे मार्ग आहेत, अमर होण्याचं औषध नाही. खान चिडला नाही. उलट सच्चेपणावर खूश झाला आणि त्यांच्या पंथाला सवलती दिल्या.

विज्ञानाने काही मोजलं आहे का?

थोडं. तिबेटी 'तुम्मो' साधनेत अंगात उष्णता पैदा करतात. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्बर्ट बेन्सन यांच्या अभ्यासात धरमशाळेकडच्या तीन साधकांच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढलेलं आढळलं. हे शरीरावरच्या ताब्याचं उदाहरण; उडण्याचं नव्हे. दुसरीकडे, १९७९ मध्ये सिच्वान प्रांतात एक मुलगा 'कानाने वाचतो' अशी बातमी छापून आली, देशभर तशी मुलं निघाली, आणि नियंत्रण कडक केलं की कान वाचायचे थांबत.

आंबेडकरी बौद्ध हे मानतात का?

बाबासाहेबांची भूमिका स्वच्छ आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अलौकिकावरचा विश्वास त्यांनी धम्मात न बसणाऱ्या गोष्टींत घातला. काही जण म्हणतात की त्यांनी ग्रंथातला मजकूर गाळला. मला वाटतं, केवद्धाला मिळालेलं उत्तर त्यांनी शेवटापर्यंत नेलं.

विपश्यना केल्यावर सिद्धी मिळेल का?

त्यासाठी जात असाल तर इगतपुरीचं तिकीट काढू नका.

कुणी सिद्धी असल्याचं सांगून पैसे मागत असेल तर?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार करून दाखवणं, त्यातून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. सरळ पोलिसांत तक्रार द्या.

हे प्रसंग कुठे बघायला मिळतील?

अजिंठ्याला. सातव्या लेण्यात गाभाऱ्याआधीच्या भिंतींवर श्रावस्तीचं प्रातिहार्य कोरलेलं आहे. आग-पाणी नाही, तर कमळांवर बसलेले बुद्धच बुद्ध, कारण इथे कथेचं दुसरं रूप घेतलंय. एकाचे अनेक झालेले. बरेच लोक दारातूनच मागे फिरतात. आत जा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. सतराव्यात नालागिरी हत्तीचं चित्र आहे, पिसाळलेला हत्ती एकीकडे आणि शेवटी बुद्धांच्या पायाशी टेकलेला. सोमवारी लेणी बंद असतात.